व्यापारशिक्षणांतील उमेदवारी : शिकणाऱ्यास काय मिळतें व संस्थेनें काय घ्यावें

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं पुष्कळांचे मुलगे व मुली हल्लीं शेतकीची, वाणिज्याची अथवा विज्ञानाची पदवी घेऊन पुढें व्यवस्थापनशास्त्राच्या, म्हणजे एम्. बी. ए. अथवा तत्सम पदविकेच्या, अभ्यासक्रमास जातात. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो व त्याचा खर्च लहान नसतो. त्याकरितां कोणी बँकेचें शैक्षणिक कर्ज काढतो, कोणी द्राक्षांच्या हंगामाचे पैसे बाजूस ठेवतो, तर कोणी जमीन तारण देऊन सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढवून घेतो. अशा घरीं पहिलें वर्ष संपून उन्हाळा आला कीं एक प्रश्न हटकून निघतो. मुलगा शिकावयास गेला आहे; मग तो वर्ग सोडून दोन महिने कोणाच्या तरी कचेरींत किंवा गुदामांत कशाला बसतो? त्याच सुमारास एखाद्या सेवा सहकारी संस्थेकडे, खरेदी-विक्री संघाकडे अथवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे विद्यालयाचें पत्र येतें कीं, आमचा एक विद्यार्थी आठ आठवडे आपल्याकडे ठेवून घ्यावा. चिटणीस पत्र वाचतात आणि ‘आतां ह्याला बसवावयाचें कोठें?’ असें म्हणून तें फायलीस लावतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर पालकांस ठाऊक नसल्यामुळें फीचा पैसा वायां जाण्याचा संभव असतो. दुसऱ्याचें उत्तर संस्थांस ठाऊक नसल्यामुळें दारीं चालून आलेलें साहाय्य परत जातें. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेपुरतेंच झालें आहे. तथापि हिशेबाच्या वह्या व त्या लिहिणारीं माणसें यांच्या सहवासांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें ह्या विषयाची माहिती वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटलें.

उमेदवारीचा जुना अर्थ

उमेदवार हा शब्द आतां बहुतेक निवडणुकीपुरता उरला आहे. पूर्वीं पेढीवर, कचेरींत अथवा कारखान्यांत काम शिकण्याकरितां जो बसे, त्यास उमेदवार म्हणत. अडत-दुकानीं बसलेल्या मुलाच्या हातीं पहिल्या दिवशीं चोपडी येत नसे. तो आधीं पोतीं मोजी, काट्यापाशीं उभा राही, मग पट्टी लिही, मग रोजकीर्द. आणि खतावणी त्याच्या हातीं येई ती मुनिमाचा विश्वास बसल्यावर. सरकारनें 1961 सालीं शिकाऊ उमेदवारांविषयीं कायदा केला, त्यांत हाच शब्द कायम राहिला आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानें करावयाचें काम त्या कायद्याखालचें नव्हे. तें त्याच्या अभ्यासक्रमाचाच एक भाग असतें. परंतु तत्त्व एकच आहे. जें काम पुढें करावयाचें, तें करणाऱ्यांच्या शेजारीं बसून शिकावें.

महसूल खात्यांत आम्ही कारकुनी केली, तेथेंही हाच अनुभव आहे. पीक-कापणी प्रयोगाचे नियम छापील सूचनांत थोडक्यांत मावतात. शेत व शेतांतील जागा दिलेल्या अंकांवरून निवडावयाची, दोरी धरून आखणी करावयाची, कापणी, मळणी व वजन समक्ष करावयाचें. हे नियम पाठ असलेला नवा मनुष्य शेतांत गेला म्हणजे मालक त्यास विरळ पिकाच्या कोपऱ्याकडे नेऊं पाहतो, दुसरा कोणी दाट पट्ट्याकडे बोट दाखवितो, आणि दोघेही आपापल्या परी खरेंच बोलत असतात. अंक ज्या ठिकाणीं नेईल तेथेंच दोरी धरावी, असा नियम कां केला, हें त्यास त्या दिवशीं कळतें. तोंवर तो नियम त्यास येत असतो, पण उमजलेला नसतो.

ही पद्धत विद्यापीठांत कशी आली

अमेरिकेंत सिन्सिनाटी येथील विद्यापीठांत हर्मन श्नायडर नांवाच्या अध्यापकानें 1906 सालीं अभियांत्रिकीच्या 27 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांनीं कांहीं काळ वर्गांत शिकावें व कांहीं काळ कारखान्यांत वेतन घेऊन काम करावें, अशी आळीपाळीची व्यवस्था त्यानें लाविली. ही पद्धत पुढें त्या देशांतील पुष्कळ विद्यालयांनीं उचलली. हार्वर्ड विद्यापीठाची व्यापारशाळा 1908 सालीं निघाली. तिनें निराळा मार्ग धरिला. प्रत्यक्ष धंद्यांत घडलेलीं प्रकरणें लिहून काढून त्यांवर वर्गांत चर्चा करावयाची, ही तिची रीत प्रसिद्ध आहे. पहिल्या मार्गानें विद्यार्थी कामाकडे जातो. दुसऱ्या मार्गानें काम कागदावर उतरून विद्यार्थ्याकडे येतें. हल्लींच्या व्यवस्थापन-शिक्षणांत हे दोन्ही मार्ग मिसळलेले आहेत.

आपल्या देशांत अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्था 1961 सालीं स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेचे संचालक राहिलेले रवि मथाई यांनीं 1975 च्या सुमारास राजस्थानांतील जवाजा ह्या भागांत चामड्याचें काम करणारे व विणकर यांच्याबरोबर एक प्रयोग चालविला. आपला माल आपण करून आपणच विकावा, एवढें सामर्थ्य त्या कारागिरांच्या अंगीं यावें, हा त्याचा हेतु होता. तेथें विद्यार्थीच नव्हे तर अध्यापकही खेड्यांत शिकावयास गेले, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

शेतकऱ्यांच्या दृष्टीनें याहून जवळची गोष्ट आणंदची आहे. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालीं खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 सालीं निघाला व तो वर्गीज कुरियन यांच्या व्यवस्थापनाखालीं नांवारूपास आला. संघ वाढले तसे त्यांस व्यवस्थापक हवेत. परंतु शहरांतील व्यवस्थापनशाळांतून बाहेर पडणारे तरुण मोठ्या कंपन्यांकडे वळत. म्हणून कुरियन यांनीं 1979 सालीं आणंद येथें ग्रामीण व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था काढली. वर्गांतील शिक्षणाबरोबर विद्यार्थ्यानें कांहीं आठवडे खेड्यांत मुक्काम करावा व पुढें एखाद्या संस्थेंत प्रत्यक्ष कारभार पाहावा, ही तेथील शिक्षणाची पहिल्यापासूनची खूण आहे. 2025 सालीं संसदेच्या कायद्यानें ह्या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा मिळाला व तिला त्रिभुवन सहकारी विद्यापीठ असें नांव देण्यांत आलें.

महाराष्ट्रांत पुण्यास गणेशखिंड रस्त्यावर वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. जिच्या नांवें ती ओळखली जाते ते वैकुंठभाई मेहता (1891–1964) यांनीं मुंबई प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार दीर्घकाळ पाहिला होता. सहकारी संस्थांच्या अधिकाऱ्यांस शिक्षण देणें हें तिचें मूळ काम. शिवाय तेथें कृषि-व्यापार व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविकाही शिकविली जाते, आणि तींत बाहेरील संस्थेंतील उमेदवारीचा अंतर्भाव असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या एम्. बी. ए. अभ्यासक्रमांत दुसरें सत्र संपल्यावर 8 आठवड्यांची उन्हाळी उमेदवारी ठेविली होती, आणि तिच्या अहवालावर परीक्षा होत असे. थोडक्यांत, दोन महिन्यांचें हें काम म्हणजे सुटींतील उद्योग नव्हे; त्यास परीक्षेंत गुण असतात.

वाचकांस दुसऱ्या एका प्रकारचे विद्यार्थी परिचयाचे आहेत. कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षाचीं मुलें गांवीं येऊन राहतात, देवळापुढें रांगोळीनें गांवाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया व माती-नमुना यांचीं प्रात्यक्षिकें दाखवितात. तो ग्रामीण कार्यानुभव होय, व त्यांत पिकाचें ज्ञान मुख्य असतें. व्यवस्थापनाचा विद्यार्थी येतो तो पीक घरांत आल्यानंतरच्या प्रश्नांसाठीं. माल, पैसा, वेळ व माणसें यांचा मेळ कसा बसतो व कोठें तुटतो, हें त्यास पाहावयाचें असतें.

एक उदाहरण : तुरीचा साठा

हें शिक्षण कसें घडतें तें नुसत्या वर्णनानें ध्यानांत येणार नाहीं. म्हणून एक हिशेब करून पाहूं. आपल्याकडे तूर हें महत्त्वाचें पीक आहे, आणि मळणी होतांच विकावी कीं ठेवावी, हा वाद दर माघांत होतो. समजा, संस्थेनें विद्यार्थ्यास एवढाच प्रश्न दिला : ‘सभासदांनीं तूर गुदामांत ठेवून तारण-कर्ज घेणें किफायतीचें आहे कीं नाहीं?’ पुस्तकांत त्याचें उत्तर तयार असतें. सुगींत आवक फार म्हणून भाव पडतात, पुढें आवक घटली कीं चढतात. म्हणून साठवण किफायतशीर. आतां आंकडे मांडूं. पुढील आंकडे हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेले आहेत, ते बाजाराचे नव्हेत.

तूर 100 क्विंटल व मळणीच्या वेळचा भाव 7,000 रुपये धरिला, तर ताबडतोब विक्रीचे 7,00,000 रुपये होतात. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. तींत तुरीसारख्या मालाच्या किंमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 महिन्यांच्या मुदतीनें व वर्षास 6 टक्के व्याजानें देण्याची पद्धत आहे. म्हणजे कर्ज 5,25,000 रुपये व सहा महिन्यांचें व्याज 15,750 रुपये. वाहतूक, हमाली व गुदामभाडें मिळून क्विंटलास 60 रुपये धरिले, तर 6,000 रुपये. एकूण खर्च 21,750 रुपये. आतां माल वाळून व कीड लागून 2 क्विंटल घटला असें धरूं. विकावयास 98 क्विंटल उरले. तेव्हां 7,21,750 रुपये 98 क्विंटलांतून निघावयाचे, तर भाव सुमारें 7,365 रुपये मिळावयास हवा. म्हणजे क्विंटलामागें 365 रुपये भाव चढला, तर साठवणारा नुसता बरोबरींत सुटला. नफा त्यापुढें.

येथपर्यंतचा हिशेब वर्गांत बसूनही करतां येईल. गुदामांत बसल्यानें काय अधिक कळतें तें पाहा.

पहिली गोष्ट घटीची. दोन क्विंटल हा आंकडा विद्यार्थ्यानें कोठून आणिला? पुस्तकांतून. गुदामांत त्यानें दहा पोत्यांवर खूण करून दर आठवड्यास तीं काट्यावर घातलीं, तर आठ आठवड्यांत आठ वजनें हातीं येतात. समजा, त्यांवरून सहा महिन्यांची घट 2 ऐवजीं 4 क्विंटल होईल असें दिसलें. तर बरोबरीचा भाव 7,518 रुपये होतो. एका आंकड्यानें क्विंटलामागें दीडशें रुपयांहून अधिक फरक पडला. घट कां अधिक आली, याची चौकशी केली तर ती पुस्तकांत सांपडत नाहीं. हमाल सांगतो कीं, भिंतीस लागलेल्या थप्पीखालीं लाकडी फळ्या नाहींत, किंवा माल आला तेव्हांच पुरता वाळलेला नव्हता. तोलारास व हमालास ठाऊक असलेली गोष्ट अध्यक्षांस ठाऊक नसणें ही पुष्कळ संस्थांची स्थिति आहे; बाहेरून आलेला मनुष्य दोघांशींही बोलतो म्हणून ती उघड होते.

दुसरी गोष्ट सभासदाच्या स्थितीची. कर्ज 75 टक्के मिळालें. उरलेल्या 1,75,000 रुपयांची ज्यास निकड नाहीं, त्याचा हिशेब वर दिल्याप्रमाणें. परंतु मुलीचें लग्न किंवा विहिरीचें काम ठरलें आहे आणि तेवढी रक्कम दरमहा शेंकडा 2 व्याजानें सावकाराकडून काढावी लागते, असा सभासद घ्या. त्यास सहा महिन्यांत 21,000 रुपये व्याज अधिक पडेल. घट पुन्हां 2 क्विंटलच धरिली, तरी त्याचा बरोबरीचा भाव सुमारें 7,579 रुपये, म्हणजे 579 रुपयांची चढ हवी. तेव्हां ‘साठवण किफायतशीर आहे काय?’ ह्या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. ज्याचें त्याचें उत्तर निराळें आहे. हें विद्यार्थ्यास कोणी सांगितलें तर तो लिहून घेईल व विसरेल. चार सभासदांच्या ओसरीवर बसून त्यानें स्वतः हिशेब केले, तर तें त्यास जन्मभर पुरेल.

तिसरी गोष्ट भावाची. बाजार समितीच्या नोंदींवरून मागील दहा वर्षांचे माघाचे व श्रावणाचे भाव काढून किती वर्षांत 365 हून अधिक चढ झाली, किती वर्षांत 579 हून अधिक झाली व किती वर्षांत भाव उलट उतरला, हें मांडतां येतें. हें काम कंटाळवाणें आहे, म्हणूनच तें आजवर कोणीं केलेलें नसतें. संस्थेजवळ असा एक कागद असला, तर पुढील माघांतला वाद आवाजाच्या जोरावर न होतां आंकड्यांवर होईल.

प्रश्न हंगामास धरून असावा

उन्हाळी उमेदवारी बहुधा वैशाख-ज्येष्ठांत येते. त्या वेळीं गुदामांत तूर व हरभरा असतो, ज्वारी घरीं आलेली असते, द्राक्षांचा हंगाम आटोपलेला असतो, आणि खरिपाच्या बी-खताची गर्दी सुरू होते. उडीद व सोयाबीन यांचा बाजार भाद्रपदापासून पुढें. तो प्रश्न दिला तर विद्यार्थी दुसऱ्यांचें ऐकून लिहील, स्वतः कांहीं पाहणार नाहीं. तेव्हां संस्थेनें पुढील प्रकारचे प्रश्न निवडावे.

बी-खत विक्रीच्या दुकानांत कोणता माल किती दिवस पडून राहतो व त्यांत भांडवल किती अडकतें? मागील तीन हंगामांत मागणी असून कोणता माल वेळेवर आला नाहीं? उधारीची वसुली कोणत्या महिन्यांत होते, आणि पुरवठादाराचे पैसे कोणत्या महिन्यांत द्यावे लागतात? ह्या दोहोंमध्यें जें अंतर पडतें, त्याचें व्याज संस्था भरते. पुष्कळ संस्थांस तें किती भरतों हें वर्षअखेरीसही वेगळें कळत नाहीं. द्राक्ष-बागाईतदारांच्या गटास पॅकिंग, वाहतूक व अडत वजा जातां हातीं किती पडलें? प्रश्न एकच असावा व तो आठ आठवड्यांत मोजतां येईल असा असावा. ‘संस्थेच्या विकासाचे उपाय सुचवा’ असा प्रश्न दिल्यास उत्तर आल्याबरोबर फायलींत जाईल.

संस्थेनें पाळावयाच्या गोष्टी

1. विद्यार्थी येण्यापूर्वीं प्रश्न लेखी ठरवावा व तो विद्यालयाच्या अध्यापकास कळवावा. अध्यापकास तो पसंत नसल्यास वाद आधींच मिटतो.

2. एक जाणता मनुष्य, मग तो चिटणीस असो वा संचालक, त्याचा मार्गदर्शक नेमावा. आठवड्यांतून एक तास त्यानें विद्यार्थ्याची वही पाहावी. एवढा वेळ देतां येत नसेल, तर विद्यार्थी घेऊं नये.

3. पहिला आठवडा त्यास कांहीं लिहावयास देऊं नये. त्यानें काट्यापाशीं, गुदामांत व विक्रीच्या खिडकीपाशीं बसावें. कोण येतो, काय विचारतो, कशासाठीं परत जातो, हें पाहावें.

4. रोजकीर्द, खतावणी व साठा-नोंदवही त्यास समक्ष दाखवावी. मात्र सभासदांचीं नांवें, आधार क्रमांक, बँकेचीं खातीं व सात-बाराचे उतारे अहवालांत जातां कामा नयेत. अमक्यावर किती कर्ज आहे ही गोष्ट कचेरीबाहेर गेली कीं मनुष्याची पत जाते, हें आम्ही नोकरींत पाहिलें आहे. 2023 सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. ‘सभासद अ, ब, क’ असें लिहिल्यानें हिशेबास बाध येत नाहीं.

5. झेरॉक्स काढणें, चहा सांगणें, वर्षअखेरचीं राहिलेलीं कामें भरून घेणें, ह्यांत त्याचे आठ आठवडे घालवूं नयेत. कारकुनाचें काम त्यानें थोडें करावें, कारण तें केल्याखेरीज नोंद कशी होते हें कळत नाहीं. पण तेवढ्यावरच त्यास अडकवूं नये.

6. राहण्या-जेवण्याची सोय आधीं पाहावी. विद्यार्थिनी असेल तर सभासदाच्या घरीं कुटुंबांत राहण्याची व्यवस्था करावी आणि फिरतीच्या दिवशीं सोबत द्यावी. शक्य असल्यास प्रवासखर्च संस्थेनें सोसावा. खेड्यापाड्यांतल्या ओसऱ्या त्यानें आपल्या खिशांतून हिंडाव्या, हें योग्य नव्हे.

7. शेवटच्या आठवड्यांत अहवाल सभासदांपुढें मराठींत वाचून दाखविण्यास लावावा. विद्यालयास जाणारा इंग्रजी अहवाल निराळा. तो संस्थेच्या उपयोगी क्वचितच पडतो. शेतकऱ्यांपुढें उभें राहून आपला हिशेब समजावून सांगतां आला, म्हणजे तो स्वतःस समजला आहे असें धरावें.

8. दाखला त्यानंतर द्यावा, आधीं देऊं नये.

यांतील सातवें कलम पाळणें संस्थेस जड जातें, याचें कारण उघड आहे. अहवालांत कधीं कधीं अप्रिय गोष्ट निघते. उधारी थकविणारांत मोठ्या खातेदारांचा भाग अधिक आहे, किंवा घट काट्याच्या चुकीनें येते, असें आंकडे दाखवूं लागले, म्हणजे तो कागद सभेपुढें येऊं नये असें कोणास तरी वाटतें. पण तो दडविला, तर विद्यार्थी एकच धडा शिकून जाईल कीं, जेथें नोकरी करावयाची तेथील धन्यास रुचेल तेंच लिहावें. असा व्यवस्थापक पुढें आपल्याच एखाद्या कंपनीवर आला, तर तिचे दिवस फार राहत नाहींत. दोष निघाला तर संचालकांनीं सभेंत त्याचें उत्तर द्यावें; विद्यार्थ्यास तंबी देऊं नये.

पालकांनीं विद्यालयास काय विचारावें

फी भरण्यापूर्वीं पुढील गोष्टी लेखी विचाराव्या. संस्थेस तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, किंवा ती कोणत्या विद्यापीठाशीं जोडलेली आहे? उमेदवारी किती आठवड्यांची, व ती कोठें करावयाची हें कोण ठरवितें? मागील दोन वर्षांतील विद्यार्थी कोणकोणत्या संस्थांत गेले होते? अध्यापक त्या ठिकाणीं प्रत्यक्ष भेट देतात काय, कीं अहवाल हातीं आल्यावरच पाहतात? उमेदवारीच्या काळांत कंपनी विद्यावेतन देते काय, आणि तें न मिळाल्यास राहण्याचा खर्च कोणाचा?

आपल्या मुलासही एक गोष्ट बजावून सांगावी. ओळखीच्या दुकानदाराकडून न जातांच दाखला आणणें व दुसऱ्याचा अहवाल उतरवून देणें, असे प्रकार होतात. त्यानें गुण कदाचित् मिळतील. परंतु नोकरीच्या मुलाखतींत बहुधा पहिला प्रश्न त्या दोन महिन्यांविषयींच असतो : तुम्ही काय मोजलें, कसें मोजलें, व तुमच्या सांगण्यावरून कोणीं काय बदललें? बोजा चढवून भरलेल्या फीमध्यें हीं उत्तरें विकत मिळत नाहींत. तीं त्या आठ आठवड्यांतच मिळवावीं लागतात.

दोन शंका

कोणी म्हणतील, आठ आठवड्यांत शेतकऱ्याचा धंदा काय समजणार? शंका रास्त आहे. सबंध धंदा समजत नाहीं. एक प्रश्न नीट समजतो, आणि एक प्रश्न नीट समजल्यावर दुसरे कसे पाहावे ह्याची दृष्टि येते. ज्यानें एका गुदामाची घट स्वतः मोजली, तो दुसऱ्या गुदामाचा छापील आंकडा सहसा डोळे मिटून घेणार नाहीं.

दुसरी शंका अशी कीं, आम्हीं शिकवावयाचें आणि त्यानें उद्यां एखाद्या बियाण्याच्या किंवा खताच्या कंपनींत जावयाचें; आम्हांस त्याचा लाभ काय? पुष्कळ जातील, हें खरें. पण बँकेच्या कर्जविभागांत बसलेल्या अधिकाऱ्यानें एकदां संस्थेच्या काट्यापाशीं दोन महिने काढले असतील, तर तारणाचा अर्ज तो निराळ्या नजरेनें वाचील. शिवाय आपल्या कंपन्यांसही आतां शिकलेलीं माणसें हवीं आहेत. कंपनी कायद्यांत उत्पादक कंपन्यांची तरतूद 2003 सालीं अमलांत आली, आणि 10,000 शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या 2020 च्या केंद्रीय योजनेंत व्यवस्थापकाच्या वेतनास आरंभींचीं तीन वर्षें साहाय्य देण्याची सोय ठेविली गेली. साहाय्य मुदतीचें असतें. मुदत संपल्यावर त्या मनुष्याचा पगार कंपनीनें स्वतः मिळवावा लागतो. तो मिळवून देईल असा मनुष्य कोण, हें अर्जावरून कळत नाहीं. आठ आठवडे आपल्या गुदामांत वावरलेला मुलगा किंवा मुलगी आपण पारखलेली असते.

शिक्षण व शेत यांची अशी जोड आपल्या महाराष्ट्रास नवीन नाहीं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासारख्या शेतकऱ्यांच्या खटपटीनें उभा राहिला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. 1950-51 सालीं त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. गाडगिळांनीं शेतकऱ्यांकडून कारभाराच्या अडचणी समजून घेतल्या, शेतकऱ्यांनीं त्यांच्याकडून हिशेबाची शिस्त घेतली. दोघांस एकमेकांची गरज होती व ती त्यांनीं ओळखिली.

वैरागसारख्या गांवीं बार्शी व सोलापूर ह्या दोन्ही बाजारपेठा एकाच रस्त्यावर आहेत, सोलापुरास विद्यापीठ आहे, आणि तूर, उडीद, ज्वारी, द्राक्षें असा निरनिराळ्या हंगामांचा माल आहे. तेव्हां शिकण्यासारखा विषय येथें बारमहा आहे. आपल्या सभासद-संस्थांपैकीं ज्यांस पुढील उन्हाळ्यांत विद्यार्थी घ्यावयाचा असेल, त्यांनीं संक्रांतीपूर्वींच आपला प्रश्न ठरवून विद्यालयास पत्र पाठवावें, कारण विद्यार्थ्यांच्या जागा त्या सुमारास ठरूं लागतात. आणि ज्यांचीं मुलें हा अभ्यासक्रम करीत आहेत, त्यांनीं उन्हाळ्यांत मुलगा घरीं आला नाहीं म्हणून खंत न करतां, आठवड्यास एक पत्र किंवा दूरध्वनि करून त्यास एवढेंच विचारावें कीं, ‘ह्या आठवड्यांत काय मोजलेंस?’